नववीतील मुलाचा दाखला 'स्वखुशीने' घ्यावा असे शाळा म्हणते. सही करावी का, आणि पुढे काय?

डिचोलीचा पालक

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा डिचोली तालुक्यातील एका अनुदानित विद्यालयात नववीत शिकतो आणि धाकटी मुलगी त्याच विद्यालयात सातवीत आहे. मुलाने वर्गात मोबाइल नेला, शिक्षिका फळ्यावर लिहीत असताना पाठीमागून त्यांचे चित्रीकरण केले आणि त्यावर थट्टेचे गाणे चढवून ती फीत वर्गातील मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. तेथून ती गावभर फिरली. त्या शिक्षिका त्यानंतर काही दिवस शाळेत आल्याच नाहीत. मुलाने केले ते वाईटच केले, याविषयी माझ्या किंवा त्याच्या आईच्या मनात काहीही शंका नाही आणि त्याला शिक्षा होऊ नये असेही आम्हांला वाटत नाही.

मात्र मुख्याध्यापकांनी मला बोलावून, संस्थेच्या व्यवस्थापकांच्या उपस्थितीत, मुलाला यापुढे शाळेत ठेवता येणार नाही असे तोंडी सांगितले आणि माझ्यासमोर एक तयार अर्ज ठेवला. 'घरगुती अडचणीमुळे मी माझ्या पाल्याचा दाखला स्वखुशीने घेत आहे' असा त्यातला मजकूर होता. सही केल्यास दाखल्यावर वर्तणूक 'चांगली' अशी लिहू, न केल्यास जे घडले ते लिहावे लागेल, असेही त्यांनी सुचवले. मी विचार करण्यासाठी वेळ मागून घेतला आणि सही न करता परतलो. मुलगा सध्या घरीच आहे. शेजारच्या दोन शाळांत चौकशी केली, तेव्हा वर्षाच्या मध्यावर नववीतला मुलगा का आणता, हाच पहिला प्रश्न आला.

ही सही करावी का, हे मला आधी ठरवायचे आहे. शिवाय या प्रकरणाचा त्रास मुलीला होईल का, आणि दुसरी शाळा मिळालीच नाही तर मुलाचे दहावीपर्यंतचे शिक्षण कोणत्या मार्गाने पूर्ण करता येईल, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

वकील, म्हापसा

आपण सही न करता परत आलात हे फार चांगले झाले. त्या कागदावर एकदा सही झाली की मुलाला शाळेने काढले असे कोठेही नोंदलेले राहत नाही; पालकांनी आपणहून दाखला नेला एवढेच दप्तरात उरते. मग शिक्षण खात्याकडे तक्रार घेऊन गेलात तरी तेथील अधिकारी तोच अर्ज आपल्यासमोर ठेवतील. तोंडी हकालपट्टीला आव्हान देणे कठीण असते, कारण आव्हान द्यायला समोर आदेशच नसतो. म्हणून आता मुख्याध्यापकांना एक साधे पत्र लिहा. अमुक तारखेपासून माझ्या मुलाला वर्गात बसू दिले जात नाही, त्याच्यावर काही कारवाई केली असल्यास तिचा लेखी आदेश, कारण आणि ज्या नियमाखाली ती केली तो नियम कळवावा, आणि निर्णय अंतिम होण्यापूर्वी मुलाला व पालकांना आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, इतकेच त्यात असू द्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या. पोच देण्यास नकार मिळाल्यास तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

आता कायद्याविषयी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 16 व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु काढून टाकण्यावरची मनाई कायम राहिली. आपली मुलगी सातवीत आहे, म्हणजे भावाच्या प्रकरणावरून तिच्या केसालाही धक्का लावता येणार नाही. तिला वेगळे बसवणे, वर्गात टोमणे मारणे, हेसुद्धा त्याच कायद्याच्या 17 व्या कलमातील मानसिक छळाच्या मनाईत येते. गोव्यात अनेक पालकांना लागू पडणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा नसोत, हा कायदा लागू नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 2014 साली दिलेला आहे. आपली शाळा कोणत्या प्रकारच्या संस्थेची आहे ते आपण लिहिलेले नाही, म्हणून ते आधी तपासून घ्या.

मुलगा नववीत असल्यामुळे 16 व्या कलमाचे संरक्षण त्याला मिळत नाही. नववीच्या मुलाला शाळा काढू शकते. परंतु मनाला येईल तसे काढू शकत नाही. अनुदानित विद्यालय गोव्याच्या 1984 च्या शालेय शिक्षण कायद्याला आणि त्याखालील 1986 च्या नियमांना बांधलेले असते. ज्याच्यावर कारवाई करायची त्याला आरोप सांगणे आणि त्याचे ऐकून घेणे हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व तर कोणत्याही संस्थेला टाळता येत नाही. पत्राला समाधानकारक उत्तर आले नाही तर तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाला द्या. पणजीतील गोवा राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येते. गोव्याच्या 2003 च्या बालकायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला जातो, म्हणून नववीतला मुलगा या आयोगाच्या कक्षेबाहेर पडत नाही.

शेवटचा मार्ग पर्वरीच्या उच्च न्यायालयाचा आहे. केरळमधील तीन भावंडांना राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून 1985 मध्ये शाळेतून काढले होते. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. तो प्रश्न मूलभूत हक्कांचा होता, आपला तसा नाही, आणि आपल्या मुलाची बाजू त्या मुलांइतकी निर्मळ नाही हे मी स्पष्टच सांगते. शाळेचा निर्णय न्यायालयाला तपासता येतो, एवढ्यासाठीच ते उदाहरण दिले. माझ्या मते आपले प्रकरण तेथपर्यंत जाऊ नये, कारण खटला उभा राहीपर्यंत मुलाचे वर्ष हातचे जाईल.

आणखी एक. त्या शिक्षिकांनी पोलिसांत तक्रार दिली तर मुलाचे वय पाहता प्रकरण बाल न्याय कायद्याखाली जाईल आणि त्या कायद्याच्या 74 व्या कलमानुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. शाळेचे नाव लिहून मुलाविषयी फेसबुकवर चर्चा करणाऱ्या नातेवाइकांनाही हे सांगून ठेवा.

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

वकील भगिनींनी सांगितलेले पत्र अवश्य द्या. मी मेजाच्या पलीकडच्या खुर्चीत अनेक वर्षे बसलो असल्यामुळे तेथून काय दिसते ते सांगतो.

असा निर्णय मुख्याध्यापक बहुतेक वेळा एकटे घेत नाहीत. एखाद्या शिक्षिकेची अशी विटंबना झाली की दुसऱ्या दिवशी संपूर्ण शिक्षकवर्ग मुख्याध्यापकांच्या खोलीत उभा असतो आणि आज या मुलाला सोडले तर उद्या आमच्यापैकी कोणाची पाळी, असे विचारतो. हा प्रश्न खोटा नसतो. व्यवस्थापनाला गावात बोभाटा नको असतो, पालक-शिक्षक संघातील काही जण ते प्रकरण तडकाफडकी मिटवा म्हणून मागे लागतात, आणि मग सर्वांच्या दृष्टीने सोपा मार्ग म्हणून तो छापील अर्ज कपाटातून बाहेर येतो. हे मी समर्थन म्हणून लिहीत नाही. नववीतल्या मुलाला रस्त्यावर आणून सोडण्याने त्या शिक्षिकेची अब्रू परत येत नाही, असे माझे ठाम मत आहे आणि मी खुर्चीत असतानाही तेच मत होते.

मात्र मुख्याध्यापकांना मागे फिरायचे असेल तर शिक्षकवर्गासमोर ठेवायला त्यांच्या हातात काहीतरी लागते, आणि ते त्यांना पालकच देऊ शकतात. म्हणून हक्कांचे पत्र द्याल त्याच दिवशी दुसरे एक पत्रही द्या. मुलाला काही दिवस वर्गाबाहेर ठेवण्याची शिक्षा आम्हांला मान्य आहे, वर्ष संपेपर्यंत तो शाळेत मोबाइल आणणार नाही, त्याची तुकडी बदलली तरी आमची हरकत नाही, आणि शाळेतील समुपदेशकाकडे तो नियमित जाईल, असे त्यात आपल्या शब्दांत लिहा. गोवा शिक्षण विकास महामंडळाने अनेक सरकारी आणि अनुदानित शाळांना समुपदेशक दिलेले आहेत. आपल्या शाळेत येत असतील तर त्यांना या प्रकरणात ओढून आणा. मुलाच्या शिक्षेचा विचार शाळा आणि पालक एकत्र बसून करत आहेत असे चित्र उभे राहिले की व्यवस्थापनाचाही ताठरपणा कमी होतो.

त्या शिक्षिकांची माफी मागणे ही स्वतंत्र बाब आहे. तिचा दाखल्याशी काही संबंध जोडू नका. मुलाला शाळेत परत घेतले नाही तरी ती माफी मागितलीच पाहिजे. त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहावे, आईवडिलांनी ते सांगून लिहवून घेऊ नये, आणि ते मुख्याध्यापकांमार्फत पोहोचवावे. त्यांच्या घरी थेट जाऊन उभे राहू नका, कारण दारात आलेल्या पालकांना नाही म्हणणे कोणालाही अवघड जाते आणि ती माफी न राहता दडपण होते.

'वर्तणूक चांगली' या आश्वासनाला मात्र फार किंमत देऊ नका. दाखला हाती आल्यावर नवे मुख्याध्यापक वर्तणुकीच्या रकान्याआधी शाळा सोडल्याची तारीख पाहतात. नववीचा मुलगा, गाव तेच, बदलीची नोकरी नाही, आणि दाखला वर्षाच्या मध्यावरचा. इतके पाहिले की त्यांचा हात फोनकडे जातो. मीही फोन करत असे. म्हणून दुसऱ्या शाळेत जावे लागलेच तर मुलाला सोबत घेऊन जा आणि जे घडले ते पहिल्याच भेटीत आपणहून सांगा. पालकांनी लपवलेले फोनवरून कळले की प्रवेश मिळत नाही. मुलाने स्वतः सांगितले तर निदान दार उघडे राहते.

डिचोलीचा पालक

दोघांचेही मनापासून आभार. शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही. दोन्ही पत्रे तयार करत आहोत. माफीचे पत्र मुलाने काल रात्री लिहायला घेतले आणि दोनदा फाडले. आम्ही त्यात लक्ष घातलेले नाही. सध्या मुलाची आई कामावर जाते, मीही जातो, आणि तो दिवसभर घरात एकटा असतो, याची मोठी काळजी आहे. मुक्त विद्यालयाविषयी कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया लिहावे.

काणकोणची बहीण

माझ्या धाकट्या भावाला नववीतच शाळेतून काढले होते. आमच्या वडिलांनी त्या वेळी असाच अर्ज सही करून दिला होता, कारण दुसरा काही मार्ग असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. शाळा कोणती, कारण काय, हे येथे महत्त्वाचे नाही. पुढे काय होते ते आपल्याला आजच कळावे म्हणून लिहिते.

सकाळी आमच्या वाड्यावर बालरथ, म्हणजे शाळेची बस, येऊन हॉर्न वाजवत असे. भाऊ तो आवाज ऐकताच मागच्या दाराने माडांच्या कुळागरात जाई आणि बस वळणापलीकडे गेल्याशिवाय घरात येत नसे. गणवेश कितीतरी दिवस खुंटीलाच होता, आईला तो काढून ठेवण्याचा धीर होत नव्हता. दुकानावर गेला की कोणीतरी विचारायचे, "कितें रे, शाळेंत वचूंक ना?" (काय रे, शाळेत गेला नाहीस?) विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसायचे, पण तो दुकानावर जाण्याचेच टाळू लागला. मग जत्रेला येणे बंद झाले, क्रिकेट बंद झाले. तो रात्री उशिरापर्यंत जागा राहायचा आणि दुपारी उठायचा. सर्वांत जास्त नुकसान अभ्यासाचे झाले असे लोकांना वाटते. आमच्या घरात आधी दिवसाचा क्रम मोडला आणि अभ्यास त्याच्या मागून गेला.

मुक्त विद्यालय म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, लोक तिला एनआयओएस म्हणतात. ही केंद्र सरकारची संस्था 1989 मध्ये स्थापन झाली आणि तिचे दहावीचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचे मानले जाते. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. पाच विषय घ्यायचे असतात, मराठी माध्यमही मिळते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते, आणि एकेक विषय सोडवत गेले तरी चालते. माझ्या भावाने तसेच केले. कागदावर ही सोय उत्तम आहे, आणि भावाला तिचा उपयोग झाला म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही.

परंतु नियमित शाळेत परत जाण्याची थोडी जरी शक्यता असेल तर आधी ती संपवा आणि मगच मुक्त विद्यालयाकडे वळा. तेथे पुस्तके मिळतात, केंद्रावर मोजके संपर्क वर्ग होतात, आणि बाकी सर्व मुलाने स्वतः करायचे असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी कोणी हजेरी घेणारे नसेल तर पुस्तके कपाटावरच राहतात. आमच्याकडे मामांनी त्याला त्यांच्या ओळखीच्या एका सरांकडे रोज सकाळी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कोठे गाडी रुळावर आली. मामा शिकवणीचे पैसे देत आणि सर त्याला वेळेवर आला नाही तर फोन करत. मला वाटते त्या फोनचाच उपयोग जास्त झाला. दहावी झाल्यावर तो आयटीआयमध्ये गेला, वायरमनचा कोर्स केला आणि आता मडगावला काम करतो. शिकण्याची सवय टिकवायची असेल तर आयटीआयचा विचार आताही करता येईल. वायरमनसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण पुरते आणि आपल्या डिचोलीतही सरकारी आयटीआय आहे. मात्र मुलाला हाताने काम करण्याची आवड असेल तरच तसे करा, शिक्षा म्हणून त्याला तेथे पाठवू नका.

आपला मुलगा आत्ता घरी एकटा आहे, त्याची सोय मात्र पत्राचे उत्तर येण्याची वाट न पाहता करा. सकाळी ठरलेल्या वेळी तो कोठेतरी पोहोचला पाहिजे. ग्रंथालय असो, एखाद्या काकांचे कार्यालय असो, तालुक्यातील एखादी शिकवणी असो. वर्गातल्या एखाद्या मित्राच्या आईला विचारून रोजच्या वह्या मागवा. शाळेने परत घेतले तर त्याचा अभ्यास मागे पडलेला नसेल. आणि बोलणेच बंद झाले, जेवणावरून उठून जायला लागला, किंवा जगण्याविषयी काही विचित्र बोलला तर थांबू नका. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा 14416 हा क्रमांक, दोन्ही विनामूल्य आहेत.

सत्तरीतील शिक्षिका

त्या शिक्षिकेच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते, म्हणून थोडे वेगळे लिहिते. हक्कांचे पत्र द्या, पण ते पोहोचण्याआधी ती फीत मुलांच्या फोनमधून काढून टाकण्यासाठी आपण काय केले ते शाळेला सांगा. मुलाने ज्यांना ज्यांना पाठवली त्या प्रत्येकाला त्याने स्वतः फोन करून काढून टाकायला सांगावे. आपण त्या मुलांच्या पालकांना सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे सर्व काही परत घेता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही, बाजारात समोरून येणाऱ्या मुलाने ती फीत पाहिली असेल का, असा विचार करत ती शिक्षिका रोज चालत असेल. त्यांच्यासाठी कोणी काही केले हे त्यांना कळले पाहिजे. मुलगा वर्गात परत आला तर त्यांनाच त्याला शिकवायचे आहे. त्याची तुकडी बदलण्याची सरांची सूचना मला त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते.

डिचोलीचा पालक

आज दोन्ही पत्रे देऊन पोच घेतली. फीत पुढे गेलेल्या मुलांची यादी मुलाने स्वतः काढली आणि संध्याकाळपासून तो फोन करत बसला आहे. उद्यापासून सकाळी तो माझ्या मेहुण्यांच्या कार्यालयात बसून अभ्यास करील. मुख्याध्यापकांनी व्यवस्थापन समितीची बैठक झाल्यावर कळवतो असे सांगितले आहे. शाळा बदलावीच लागली तर नववीच्या मध्यावर विषयांची अडचण येते का, एवढे निवृत्त सरांनी सांगावे.

निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

येते, आणि पालकांच्या ती उशिरा लक्षात येते. आपल्या मुलाने तिसरी भाषा कोणती घेतली आहे आणि पूर्व-व्यावसायिक विषय असल्यास कोणता, हे दोन्ही नव्या शाळेत शिकवले जातात का ते प्रवेशाआधी विचारा. जवळची शाळा मिळाली म्हणून घेतली आणि तेथे त्याचा विषयच नाही, असे झाले तर मुलाला नवा विषय मध्येच सुरू करावा लागतो. पहिल्या सत्राचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाची नोंद दाखल्यासोबत लेखी मागून घ्या, नाहीतर नव्या शाळेला वार्षिक निकाल लावता येत नाही. आणि हे सर्व याच वर्षी उरकावे, कारण दहावीला विद्यार्थ्याचा परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच गोवा शालान्त मंडळाकडे जातो आणि त्या वर्षी मध्यावर आलेला विद्यार्थी घ्यायला कोणतेही मुख्याध्यापक सहसा तयार नसतात. समितीची बैठक लांबली तर आठवड्याभराने मुख्याध्यापकांना पुन्हा एकदा लेखी स्मरणपत्र द्या, आणि त्याची प्रत या वेळी भागशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा.